कापशाचं लोढणं

कोल्हारात सहादेवअण्णांना जनावरातलं कळतं असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते अण्णा स्वतः म्हणत. लोणीच्या बाजारात बैल घ्यायचा असला की माणसं अण्णांना बरोबर न्यायची. अण्णा बैलाभोवती एक फेरी मारत, जबडा उघडून दात बघत, शेपटीचा गोंडा हातात धरून सोडत आणि मग डोळे बारीक करून म्हणत, "हं." त्या एका 'हं'वर सौदे झाले होते आणि मोडलेही होते. खरी गोष्ट अशी होती की ज्या जनावरातलं काही कळत नसे, त्याच्यापुढं अण्णांचा 'हं' जरा जास्त लांबायचा. हे गुपित एक अण्णांना ठाऊक होतं आणि दुसरं त्यांच्या बायकोला, छबूबाईला. अण्णांना मनातून आपलंच हसू यायचं, पण माणसं एवढ्या भरवशानं तोंडाकडं बघत असताना 'मला ठाऊक नाही' म्हणायचं म्हणजे त्यांचाच हिरमोड केल्यासारखं होतं. निदान अण्णा स्वतःची समजूत तशी घालत.

एकाहत्तर साली वैशाखात त्यांच्या एकुलत्या मुलाचं, सूर्यभानचं लग्न झालं. मुलगी श्रीरामपूरची, विजयमाला नाव, नववीपर्यंत शिकलेली. तिचे वडील आसाराम तिथल्या मार्केटात मापाडी होते. पाठवणीच्या वेळी सगळं सामान गाडीत चढल्यावर शेवटी मोसंबीची एक पेटी आली आणि पेटीच्या फटीतून दोन लांब पांढरे कान बाहेर आले. शेजारच्या मिशन दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विजयमालाला पांढरा ससा दिला होता. कापश्या त्याचं नाव. मुलगी त्याला सोडून यायला तयार नव्हती. आसाराम हात जोडून म्हणाले, "पोरगी हट्टी हाय व्याहीबुवा, तुमी न्हाई म्हनला तर ठिवून घेतो आमी." वऱ्हाडातले सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णांनी पेटीत डोकावलं. सशाचे दात बघायचे की शेपूट धरायची, हे काही उमगेना. "हं," ते म्हणाले. "चांगलं जनावर हाय. मी सवता लक्ष ठिवीन त्याच्याकडं."

गावात दोन दिवस चेष्टा चालली. उसाच्या फडात ससा निघाला की त्याचं काय करायचं हे कोल्हारला पक्कं ठाऊक होतं. पण ससा पाळायचा, त्याला गुरांसारखा हिरवा घास घालायचा, हे कोणी ऐकलं नव्हतं. "अण्णा, कधी बोलावताय जेवायला?" असं लोक विचारत. अण्णा त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगत की या जातीचा ससा वेगळा असतो, त्याचं सगळं निराळं असतं. काय निराळं असतं, हे कोणी विचारलं नाही म्हणून निभावलं.

सून घरात आली आणि घर होतं त्याहून गप्प झालं. सासऱ्याशी सुनेनं तोंडानं बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. अण्णा ओसरीवर आणि विजयमाला दारात, मध्ये चार हातांचं अंतर, तरी ती पदर कपाळावर ओढून आत बघून म्हणायची, "आत्याबाई, मामांना म्हणावं, चहा निवतोय." मग छबूबाई चुलीपुढून ओरडायची, "चहा निवतोय म्हनतीय." अण्णा म्हणायचे, "तिला सांग, घेतो." छबूबाई म्हणायची, "घेतो म्हनत्यात." छबूबाई घरात नसली तर विजयमाला नुसत्या बांगड्या वाजवायची, आणि त्या वाजण्याचा अर्थ जेवण वाढलं आहे, की पोस्टमन आला आहे, की म्हैस सुटली आहे, हे अण्णांनी आपल्या अकलेनं ओळखायचं. म्हैस सुटली होती त्या दिवशी अण्णा हात धुऊन पाटावर येऊन बसले होते.

आता यात एक गोष्ट अण्णांनी कोणाला सांगितली नव्हती. त्यांना मुलगी हवी होती. झाला तो एक सूर्यभान, आणि तो जन्मापासून कमी बोलणारा. कारखान्यावर पाळी करून यायचा, जेवायचा, ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन झोपायचा. सून नववी शिकलेली आहे म्हटल्यावर अण्णांनी मनात फार मांडे खाल्ले होते. ती आपल्याला पेपर वाचून दाखवील, एखाद्या गोष्टीवर आपल्याशी वाद घालील, घरात कोणीतरी मोठ्यानं हसेल, असं त्यांना वाटलं होतं. पण हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं? सासऱ्याला सुनेचं बोलणं ऐकायचंय म्हटल्यावर गाव काय म्हणेल? तेव्हा जे मिळालं नाही त्याचंच अण्णांनी कौतुक सुरू केलं. "सून बघावी तर आमची," ते पारावर सांगत. "घरात हाय का न्हाई, कळत न्हाई." लोक माना डोलवत. अण्णांनाही सांगून सांगून ते खरं वाटायला लागलं.

फक्त एकदा त्यांनी तिला हसताना ऐकलं होतं. दुपारची वेळ होती, छबूबाई झोपली होती. मागच्या अंगणातून कसलासा आवाज आला म्हणून अण्णांनी खिडकीतून पाहिलं. विजयमाला पायरीवर बसली होती आणि कापश्या अंगणात मोकळा होता. तो उगाच थोडा पळाला, मग एकदम जागच्या जागी हातभर वर उडाला, हवेतच मान एकीकडं आणि ढुंगण दुसरीकडं फिरवलं, मागच्या तंगड्या झाडल्या, खाली पडला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पळत सुटला. विजयमाला तोंडात पदर कोंबून हसत होती, तिचे खांदे हलत होते. अण्णांना ते हसणं फार आवडलं. सशाचं लक्षण मात्र त्यांना मुळीच आवडलं नाही. असल्या उड्या त्यांनी दोनच जनावरांत पाहिल्या होत्या, एक झटके येणाऱ्या वासरात आणि दुसरं दावं तोडून पळणाऱ्या ओढाळ गाईत. यातलं हे कोणतं, याचा विचार करत ते खिडकीपासून दूर झाले. सुनेला विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण जनावरातलं कळणाऱ्या माणसानं नववी शिकलेल्या पोरीला, आणि तेही छबूबाईच्या मध्यस्थीनं, "ससा असा का उडतो" म्हणून विचारायचं?

श्रावण लागला आणि पंचमीला न्यायला विजयमालाचा भाऊ आला. जाताना ती दारात उभी राहिली. "आत्याबाई," ती म्हणाली, "मामांना म्हणावं, कापशाला रोज दुपारी मोकळं सोडा. उड्या मारील तो, मारू द्या. कुत्रं तेवढं येऊ देऊ नका." छबूबाईनं ते जसंच्या तसं पुढं सांगितलं. अण्णा म्हणाले, "तिला सांग, काळजी करू नको म्हनावं. माझ्या जिवापरीस जपीन." हे वाक्य छबूबाईनं पोचवायच्या आधीच विजयमालानं ऐकलं होतं, आणि तिनं क्षणभर वर बघितलं. एवढ्या दिवसांत तिनं अण्णांकडं सरळ बघितलेलं ते पहिल्यांदाच. अण्णांना एकदम जबाबदारी चढली. हा ससा धड राहिला तर ही पोर आपल्याला आपलं माणूस मानील, आणि याला काही झालं तर या घराशी तिचं नातं भांडी घासण्यापुरतं राहील, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

पहिल्याच दुपारी त्यांनी कापशाला सोडलं. कापश्या खुराड्यातून बाहेर आला, नाक हलवलं आणि उडाला. तिथून बाजेवर, बाजेवरून पेंडीच्या पोत्यावर, पोत्यावरून कडब्याच्या गंजीवर. गंज पुरुषभर उंच. अण्णा खाली दोन्ही हात पसरून उभे, "ये, ये बाळा" म्हणत, आणि बाळानं उडी टाकली ती थेट गोठ्यात, खिल्लारी बैलाच्या मागच्या पायांशी. बैल फुरफुरला, पाय आपटायला लागला. अण्णा धोतर सावरत गव्हाणीखाली शिरले. बाजारात ज्या बैलांच्या जवळ जायला माणसं भीत, तसल्या बैलांना अण्णांनी नुसत्या हातानं शांत केलं होतं. आज त्यांच्या घरच्या बैलानं त्यांच्या पाठीत शेपटीचा फटका हाणला. ससा तेवढ्यात बाहेर जाऊन अंगणाच्या मधोमध मान वाकडी करून पुन्हा हवेत उडाला होता, आणि वर एक घार फिरत होती.

"अवं, पोरगी सांगून गेलीय ना, उडू द्या म्हनून," छबूबाई म्हणाली.

"तिला काय कळतंय? पोर हाय ती. गंजीवरनं पडून मान मोडली म्हंजे? बैलानं पाय दिला म्हंजे? तिला काय तोंड दावू मी?"

"मग खुराड्यात ठिवा."

"रोज मोकळं सोडा म्हनली ना ती."

तर खुराड्यात ठेवायचं नाही, आणि उडूही द्यायचं नाही. अण्णांनी रात्रीचं जेवण होईपर्यंत यावर डोकं चालवलं आणि त्यांना मार्ग सापडला. मार्ग बापजाद्यांपासूनचा होता. गाय ओढाळ निघाली, रानोमाळ उधळायला लागली की तिच्या गळ्यात लोढणं बांधायचं. लाकडाचा ओंडका गळ्यातून पुढच्या पायांमध्ये लोंबत राहतो, पळायला गेली की गुडघ्यांवर आपटतो, आणि चार दिवसांत गाय मुकाट चालायला लागते. जे गाईला लागू पडतं ते सशाला का पडू नये? फक्त आकार तेवढा बेतानं घ्यायचा. या विचारावर अण्णा स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी जास्तीची अर्धी भाकरी खाल्ली.

सकाळी ते गोरक्षनाथ सुताराकडं गेले. गोरक्षनाथ नांगराचं रुमणं तासत होता.

"एक लोढणं पायजे," अण्णा म्हणाले.

"गाय घेतली का काय नवी? सांगितलं न्हाई ते!" गोरक्षनाथानं बाभळीचा एक ओंडका पायानं पुढं सरकवला. "हे बसंल का?"

"लहान पायजे."

"कालवड हाय व्हय?"

"त्याहून लहान."

"शेरडाला कुनी लोढणं बांधतं का, अण्णा?"

अण्णांनी इकडंतिकडं बघून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये विटीएवढं अंतर दाखवलं. गोरक्षनाथानं त्या बोटांकडं बघितलं, मग अण्णांच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्याला कळलं. तो हसला नाही. त्यानं तोंड फिरवून वाकस उचलली आणि एक ढलपी तासायला घेतली, पण त्याची पाठ बराच वेळ हलत होती. "भोक पाडून द्यू का न्हाई?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं. "आन् रंग? पोळ्याला बरं दिसंल."

"मुकाट्यानं कर काम," अण्णा म्हणाले. आपण हसण्यावारी जात आहोत हे त्यांना दिसत होतं. पण ज्यानं आयुष्यभर लोकांना 'हं'वर खेळवलं, त्यानं एखाद्या दिवशी सुताराला एवढं हसू द्यायला हरकत नाही, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

लोढणं छान झालं होतं. गुळगुळीत तासलेलं, दोन्ही टोकांना गोल केलेलं. अण्णांनी मऊ सुताच्या दोरीत ओवून ते कापशाच्या गळ्यात बांधलं. बांधताना छबूबाईनं ससा धरला होता, आणि त्यानं मागच्या तंगड्या अशा झाडल्या की तिच्या मनगटावर ओरखडे उठले. खाली ठेवल्यावर कापश्या पळायला गेला. लाकूड पुढच्या पायांवर आपटलं. तो थांबला. पुन्हा गेला, पुन्हा आपटलं. एकदा उडायला गेला तर दोरीत पाय अडकून कुशीवर पडला आणि अण्णांनी धावत जाऊन पाय सोडवला. त्यानंतर तो भिंतीशी गेला, मान आत ओढली, कान पाठीवर पाडले आणि बसून राहिला.

"बघ," अण्णा छबूबाईला म्हणाले. "कसा शांत झाला."

दुसऱ्या दिवशीही कापश्या शांत होता. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या लक्षात आलं की कालचा घास तसाच पडला आहे. त्यांनी ताजा घास आणला, कोवळी हरळी उपटून आणली, गाजरं या दिवसांत मिळेनात म्हणून मुळ्याची पानं आणली. कापशानं नाक हलवलं नाही. अण्णांनी लोढणं सोडून फेकून दिलं. गळ्याभोवतीची लव झडून कातडी लाल झाली होती. आता मोकळा झाला, आता उडेल, म्हणून ते बाजेवर बसून वाट बघत राहिले. गोठ्याचं दार त्यांनी लावून घेतलं, गंजीला फळी टेकवली, घार दिसली की टॉवेल हलवून हाकलली. उडायला सगळं अंगण मोकळं होतं आणि ससा भिंतीशी तसाच बसला होता.

अण्णा त्याच्यापुढं उकिडवे बसले. "हं," ते म्हणाले. तो एवढा लांब 'हं' त्यांनी उभ्या आयुष्यात काढला नव्हता, आणि ऐकायला समोर फक्त ससा होता.

"अवं, तिलाच इचारा की," छबूबाई म्हणाली.

"सुनंला इचारू?"

"मग बसा हं करत."

पंचमीच्या दिवशी सकाळी अण्णा झाकणाच्या करंडीत घास अंथरून, वर कापशाला ठेवून श्रीरामपूरच्या एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय करंडीत?" अण्णांनी सांगितलं, "कोंबडी." कोल्हारातला जनावरांचा जाणकार आजारी ससा घेऊन सुनेच्या माहेरी चालला आहे, हे सांगण्यापेक्षा कोंबडी बरी. वाटेत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. छबूबाई बरोबर नाही, तेव्हा बोलायचं विहिणीमार्फत. विहिणीला म्हणायचं, "तिला म्हनावं, ससा खात न्हाई." मग ती विहिणीला विचारील, "काय झालं?" तिथून पुढचं वाक्य अण्णांना बेलापूर मागं पडलं तरी जुळलं नाही.

आसारामांच्या घराशेजारी मोकळी जागा होती आणि तिथल्या कडुनिंबाला पंचमीचा झोका बांधला होता. पाच-सहा पोरी गलका करत होत्या. झोक्यावर एक जण उभी होती. केस सुटलेले, पदर कमरेला खोचलेला, गुडघे मोडून असा जोर काढत होती की झोका पार वरच्या फांदीला भिडत होता, आणि प्रत्येक वेळी वर गेली की ती आरोळी ठोकत होती. खालच्या पोरी "बास, बास, दोरी तुटंल" म्हणून ओरडत होत्या आणि ती खदाखदा हसत होती. काय धिटाई ही, अण्णांना वाटलं. ही ज्या घरात पडेल त्या घराची छपरं उडतील. आणि त्यांना त्या घराचा थोडा हेवाही वाटला.

मग झोका या अंगाला आला आणि त्यांनी लुगडं ओळखलं. हिरवं, लाल काठाचं. पंचमीसाठी छबूबाईनं स्वतः निवडून घेतलेलं.

तिनंही अण्णांना बघितलं. झोका थांबायची वाट न बघता तिनं खाली उडी टाकली आणि उतरता उतरताच पदर डोक्यावर घेतला. पोरी गप्प झाल्या. पदर कपाळावर आला, मान खाली गेली, खांदे आत आले, आणि झोक्यावरची ती मुलगी कुठंच राहिली नाही. समोर अण्णांची सून उभी होती. ती लगबगीनं येऊन पाया पडली आणि मागच्या दारानं आत गेली.

आसारामांनी अण्णांना ओसरीवर बसवलं. आगाऊ निरोप न देता व्याही दारात आला म्हटल्यावर ते घाबरले होते. विहीण पुष्पावती दाराआड उभी राहिली. "काय चुकलं का पोरीचं?" आसारामांनी विचारलं. "दांडगी हाय जरा. तोंडाचा पट्टा चालूच असतो तिचा. आमी लई सांगितलं हुतं, सासरी असं चालायचं न्हाई म्हनून."

"छे छे," अण्णा म्हणाले, आणि पारावरचं वाक्य सवयीनं तोंडातून बाहेर पडलं. "लई शांत हाय तुमची पोर. घरात हाय का न्हाई, कळत न्हाई."

पारावर या वाक्याला माना डोलायच्या. इथं कोणाचीच मान डोलली नाही. आसाराम जमिनीकडं बघत राहिले. दाराआडून पुष्पावतीनं हळूच विचारलं, "काईच बोलत न्हाई?" त्या विचारण्यात काळजी होती, आणि ती अण्णांना नीट ऐकू आली.

विजयमाला चहा घेऊन आली आणि तिची नजर करंडीवर गेली. अण्णांनी झाकण काढलं. तिनं ताट तिथंच खाली ठेवलं. एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली घालून तिनं कापशाला उचललं, मांडीवर घेतलं, पोट चाचपलं, कान चाचपले. मग तिची बोटं गळ्याशी थांबली.

"आई," ती दाराकडं बघून म्हणाली, "मामांना इचार, गळ्याला काय बांधलं हुतं?"

"विजू इचारतीय की..." पुष्पावतीनं सुरुवात केली.

'काही नाही' म्हणता आलं असतं. कुत्रं आलं होतं, मांजर आलं होतं, काहीही सांगता आलं असतं. एसटीत अण्णांनी त्यातली बरीचशी घोळवूनही बघितली होती. पण ती मांडीवरच्या सशावर वाकली होती आणि तिचं बोट त्या लाल कातडीवरून फिरत होतं. "लोढणं," अण्णा म्हणाले.

आसाराम हसले. चेष्टाच असणार म्हणून हसले, आणि अण्णांचा चेहरा बघून थांबले.

"झटका आल्यावानी उड्या मारीत हुता," अण्णा सांगायला लागले. "गंजीवरनं पडंल, बैलाखाली येईल, म्हनून... गाईला बांधत्यात तसं. सुताराकडनं करून आनलं लहानसं. मग एकदम शांत झाला. मला वाटलं, बरं झालं. तर खायाचंच सोडलं त्यानं."

विजयमालानं वाटीत पाणी मागून घेतलं, बोट बुडवून कापशाच्या ओठांना लावलं. पुन्हा लावलं. परड्यातून कोवळं एक पान मागवून ते त्याच्या तोंडापुढं धरून बसली. चहावर साय धरली. बऱ्याच वेळानं कापशाचं नाक हललं, मग ओठ हलले, आणि पानाचं टोक कुरतडल्याचा बारीकसा आवाज आला.

आणि तेव्हा विजयमालाचे डोळे भरून आले, आणि तिला राग आला.

"मामा," ती म्हणाली. थेट त्यांच्याकडं बघून म्हणाली. "ससा पळून जायाला न्हाई उडत असा. झटका बी नसतो त्यो. त्याला बरं वाटलं, आपल्याला हितं कुनी काई करनार न्हाई असं त्याला वाटलं, की त्यो उडतो. भ्याला की नुसता बसतो. मान आत घालून. आवाज करीत न्हाई, खात न्हाई. तुमी म्हनता शांत झाला, शांत न्हाई मामा, त्यो भ्यालेला हाय!"

बोलता बोलता तिचा पदर खांद्यावर घसरला होता. अण्णा तिच्याकडं बघत राहिले. चूल, भांडी, आणि कपाळावर ओढलेल्या पदराखालची ती खाली गेलेली मान त्यांना दिसली. घरात आहे की नाही, कळत नाही. हे आपण गावभर सांगत फिरलो, आणि मोठ्या मानानं सांगत फिरलो. अण्णांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेतही, ही पोर आपल्याशी बोलते आहे, याचा आनंद काही केल्या आवरत नव्हता.

"त्याची हाडं काचंवानी असत्यात," ती थांबायला तयार नव्हती. "तंगडी झाडताना दोरीत अडकली असती तर कंबर मोडली असती त्याची. गंजीची भीती हुती तर गंजीला आडोसा करायचा, गोठ्याचं दार लावायचं. त्याच्या गळ्यात कशाला बांधायचं? मी सांगून गेल्ते ना उडू द्या म्हनून? आन् कळत नव्हतं तर मला इचारायचं! आता हितंवर इचारायला आलात, मग तवाच का न्हाई—"

"विजे!" पुष्पावती दाराआडून बाहेरच आली. "जीभ आवर! मामा हायेत ते तुझे. सासऱ्याशी असं बोलत्यात व्हय?"

विजयमाला दचकली. तिचं तोंड मिटलं, मान खाली गेली आणि हात पदराकडं गेला.

"विहीणबाई, तिला गप करू नका!" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांच्या बेताबाहेर चढला होता. बाहेरच्या पोरींनीही वळून बघितलं. "आमच्या घरी लई गप बसली ती. आता बास." मग ते सुनेकडं वळले. कशी सुरुवात करावी ते त्यांना सुचेना, आणि आज मधे निरोप सांगायला कोणाला घालायचं नव्हतं. "पोरी, तू बोल," ते म्हणाले. "आजून काय काय चुकलं माझं?"

विजयमालानं वर बघितलं. हात पदराशी तसाच थांबला होता. तो तिनं खाली घेतला.

"लई," ती म्हणाली, आणि ससा मांडीवर नीट घेऊन सांगायला बसली.